तीनच्या पुढे

माझी मुलगी गाणी लिहिते आणि गाते. मराठी मंडळात एवढं सांगून भागत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, "हो का? आणि जॉब?" मी सांगते, "तोच जॉब." मग समोरची बाई हळूच माझ्या दंडावर हात ठेवते. त्या हाताचा मला भयंकर राग येतो. मी तीस वर्षं डेट्रॉइटजवळच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. घाबरलेल्या माणसाच्या दंडावर हात कसा ठेवायचा ते मला कुणी शिकवू नये.

तर ही इला. वय तेहतीस, जन्म इथलाच, मिशिगनमधल्या ट्रॉयचा. तिचा थोरला भाऊ अमेय टेक्सासात फ्रिस्कोला असतो. घर, बायको, दोन मुलं, मागे पोहायचा तलाव, सगळं जागच्या जागी. इलाचं जागच्या जागी काहीच नाही. ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत दोन वर्षं डॉक्टरकीच्या वाटेवर होती. एक दिवस गिटार घेऊन घरी आली आणि तळघरातल्या कोटांच्या कपाटात जाऊन बसली. अलंकारिक बोलत नाहीये मी, खरंच कपाटात. चार माणसांचे हिवाळी कोट आणि मागे माझ्या पैठण्या, त्यामुळे आवाज घुमत नाही म्हणे. तिचा पहिला अल्बम त्या कपाटात रेकॉर्ड झाला. त्या हिवाळ्यात घरात कुणालाही कोट हवा असला की आधी दार वाजवावं लागायचं.

त्या अल्बममधलं 'वॉटल्स रोड' नावाचं गाणं, आमच्या घराजवळच्या रस्त्यावरचं, एका टीव्ही मालिकेत वाजलं. बर्फात गाडी अडकलेली दोन माणसं भांडण विसरून एकमेकांना मिठी मारतात, तिथे. तेव्हापासून लोक इलाला ओळखायला लागले, म्हणजे तिला नाही, त्या गाण्याला. पुढचे तीन अल्बम चांगल्या स्टुडिओत झाले आणि ते कुणी फारसे ऐकले नाहीत. कार्यक्रम कुठेही असो, लोक आपले 'वॉटल्स रोड'ची वाट बघत बसलेले. दहा-बारा वर्षं ती ते गातेय. मला तर आता तो रस्ता ओलांडायचाही कंटाळा येतो.

तिच्याकडे एक जुनी व्हॅन आहे. आत गिटारं, एक गादी, एक स्पीकर आणि मी दिलेला लसणाच्या चटणीचा डबा. व्हॅन सतत फिरत असते. माझ्या फोनवर तिचा निळा ठिपका दिसतो. सकाळी चहा टाकताना ठिपका इंडियानात, दुपारी कणीक मळताना ओहायोत. ठिपका थांबला की मला काळजी वाटते आणि हलला की चिडचिड होते. मीही काही एका जागी बसणारी बाई नाही. रिटायर झाल्यापासून घरातले सगळे ड्रॉवर कितीदा उपसून लावले त्याला गणती नाही. माझा नवरा गुरुदत्त म्हणतो, "पोरगी तुझ्यावर गेलीय." मग मी त्याला त्याच्या खुर्चीवरून उठवते आणि खुर्चीखालचं झाडते.

गुरुदत्त मोटारींच्या कंपनीत ब्रेकवर काम करून रिटायर झाला. बोलतो कमी. इला घरी आली की तिच्याशी कमी आणि तिच्या व्हॅनशी जास्त गप्पा मारतो. पण गाण्याचं वेड तिला त्याच्याकडून आलं. तो सांगलीचा, संगीत नाटकं बघत वाढलेला. इला आठ वर्षांची असताना मंडळाच्या गणपतीत स्टेजवर एक पद गायली होती. संपल्यावर सगळा हॉल ओरडला, "वन्स मोअर!" आणि ही रडायलाच लागली. तिला वाटलं, चुकलं म्हणून पुन्हा म्हणायला लावतात, शाळेत लावतात तसं. गुरुदत्त स्टेजवर गेला, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "चुकलं म्हणून नाही गं बाळा. पोट भरलं नाही म्हणून. आणि वन्स मोअर आला की तेच गाणं परत गायचं असतं, नाही म्हणायचं नसतं." मग नाक पुसत ती तेच पद पुन्हा गायली, आणि पहिल्यापेक्षा चांगली गायली.

यंदा नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी ती घरी होती. मी थालीपिठं लावत होते. लोणी बोटाने चाटत ती म्हणाली, "आई, आय ॲम टायर्ड."

"मग झोप जरा."

"तसं नाही." तिने बोट पुसलं. मग सगळं सांगितलं. एक मोठी गायिका उन्हाळ्यात देशभर दौरा काढणार होती, आणि तिच्या आधी रोज अर्धा तास गायला कुणीतरी हवं होतं. त्या गायिकेची मॅनेजर, डॅना नावाची बाई, मार्चमध्ये इलाला ऐकायला ॲन आर्बरला येणार होती. "मिळालं तर मिळालं," इला म्हणाली. "नाही मिळालं तर बास. आय मीन इट. व्हॅन विकते आणि घरी येते. तू त्या हॉस्पिटलच्या जॉबचं म्हणत होतीस ना? तो घेते."

त्या जॉबचं मी तिला सतरा वेळा म्हटलं होतं. पेशंटची आणि डॉक्टरांची वेळ जुळवून द्यायची, बसून काम, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मी नुसतं "बरं" म्हटलं आणि तिच्या ताटात आणखी एक थालीपीठ टाकलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पण मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, लपवून काय करायचंय. त्या दिवसापासून मी रोज देवापुढे हात जोडून म्हणायचे, पोरीचं भलं होऊ दे. भलं म्हणजे नेमकं काय, ते मी देवाला उलगडून सांगितलं नाही.

मार्च आला. बर्फ वितळून पुन्हा गोठलं होतं. इलाने मला बजावलं, "आई, प्लीज मंडळात सांगू नकोस. ही जागा वेगळी आहे." मी फक्त मृणालिनीला सांगितलं. आता मृणालिनीला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं, हे मला माहीत असायला हवं होतं. मृणालिनी मंडळाची अध्यक्ष आहे आणि कुणाच्याही आनंदाच्या प्रसंगी ती माणसं गोळा केल्याशिवाय राहत नाही.

ॲन आर्बरला आम्ही व्हॅनमधूनच गेलो. मी पुढे, गुरुदत्त मागे गिटारांच्या पेट्यांमध्ये. वाटेत इलाने मला नियम सांगितले. त्या संध्याकाळी खरा गायक दुसराच होता, मिनेसोटाचा कुणी दाढीवाला. हॉल त्याच्या लोकांनी भरणार होता. इलाने त्याच्या आधी बरोबर अर्धा तास गायचं. स्टेजवर गाणाऱ्यालाच दिसेल असं लाल आकड्यांचं घड्याळ असतं. ते शून्यावर आलं की उतरायचं. मुख्य माणसाचा वेळ खाल्ला तर त्यापुढे कुणी दारात उभं करत नाही.

"म्हणजे आपल्याकडे प्रमुख पाहुण्यांच्या आधी खजिनदार बोलतो तसं," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली. अँड द खजिनदार कॅनॉट गो ओव्हर." ती हसली, पण स्टिअरिंगवर बोटं वाजवणं थांबलं नव्हतं. "डॅनाला दोनच गोष्टी बघायच्यात. जे लोक माझ्यासाठी आलेले नाहीत ते माझं ऐकतात का. आणि शेवटी 'वॉटल्स रोड' मी कशी गाते. ते गाणं त्यांना रोज हवंय, एव्हरी सिंगल नाइट. आणि आई, शो चालू असताना नो टॉकिंग."

"मी काय मंडळातली बाई आहे का बडबड करायला?"

"आई, यू आर द मंडळ."

हॉल छोटासा होता. बाहेर बर्फात सायकली साखळ्यांनी बांधलेल्या, आत लोकरीच्या टोप्यांतले विद्यार्थी आणि गुडघ्यावर कोट घेऊन बसलेले रिटायर्ड प्रोफेसर. इतकी शांतता की खुर्ची करकरली तरी लोक माना वळवायचे. आणि बघते तो काय, आमच्या मागच्या दोन रांगांत अख्खं मंडळ. मृणालिनी पुढे वाकून माझ्या कानात म्हणाली, "कांचन, अगं आपल्या इलाचा प्रोग्रॅम आणि आपण नाही यायचं?" तिच्या पर्समधून बटाटेवड्यांचा वास येत होता.

"काय बाप्पा," मी म्हटलं, "निदान ते वडे तरी झाकून ठेव."

मागच्या भिंतीला टेकून पन्नाशीची एक उंच बाई उभी होती, हाताची घडी, गळ्यात पास. ही डॅना. तिने कोट काढला नव्हता.

इला स्टेजवर आली. काळी पँट, निळा कुर्ता, कानात माझ्या आईचे मोत्यांचे टॉप्स. एकटी, एक गिटार. पहिल्या गाण्याला लोक जरा कुजबुजत होते, दुसऱ्याला गप्प झाले. तिसऱ्याला पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. मी डॅनाकडे बघत होते, मग इलाकडे, मग पुन्हा डॅनाकडे. टाळ्या कमी पडल्या की मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की स्वतःचीच चीड यायची. मी बूड हलवत होते. गुरुदत्तने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा कळलं की माझा पाय हलतोय आणि सगळी रांग हलतेय.

मग इला म्हणाली, "आता एक नवीन गाणं. कुठे गायलेलं नाही अजून. माझी आई आज इथे आहे. लोकांना झोपवणं हा तिचा जॉब होता." लोक हसले. "माझा जॉब बरोबर उलटा आहे. शी हॅज नेव्हर फर्गिव्हन मी." आणखी हसले. मीही हसले. काय करते?

गाणं इंग्रजीत होतं. पण कडव्यानंतर ती आकडे म्हणायला लागली ते मराठीत. दहा, नऊ, आठ, सात. मला आधी कळलंच नाही काय चाललंय, आणि मग कळलं. ऑपरेशनच्या टेबलावर भूल देताना पेशंटला उलटे आकडे मोजायला सांगतात. इला लहान असताना संध्याकाळची ड्यूटी असली की मी तिला लवकर अंथरुणात घालायचे आणि तिच्याजवळ बसून मीच मोजायचे, मराठीतून, हळूहळू. उन्हाळ्यात मिशिगनमध्ये झोपायच्या वेळेलाही बाहेर लख्ख उजेड असतो, तरी पोरगी तीनपर्यंत झोपायची. रोज. मी हॉस्पिटलात सगळ्यांना सांगायचे, माझी लेक औषधाशिवाय तीनला आउट होते. फार अभिमान होता मला त्याचा.

गाण्यातही आकडे तीनला थांबायचे. तिथे ती गिटारही थांबवायची. आणि मग शेवटचं कडवं आलं. त्यात ती म्हणाली, आपल्या घरात बूट दाराबाहेर राहतात, पण तू माझ्या पलंगावर बूट घालून बसायचीस. तुला जायचं असायचं. म्हणून मी तीनला डोळे मिटायचे. तीनच्या पुढे तू काय म्हणतेस ते मी कधी ऐकलंच नाही.

गाणं संपलं.

माणूस खरा झोपलाय की नाही ते मी पापणीवरून सांगते. श्वासावरून सांगते, जबड्यावरून सांगते. हजारो माणसं माझ्या हाताखालून गेली, एकही मला फसवून जागं राहिलं नाही. आणि एका सहा वर्षांच्या पोरीने मला रोज फसवलं? मला वाटलं, माझं काहीतरी ऐकण्यात चुकलंय. पुन्हा ऐकायलाच हवं. ते गाणं आत्ताच्या आत्ता पुन्हा ऐकलं नाही तर मी या खुर्चीतून उठू शकणार नाही, असं मला झालं. टाळ्या सुरू व्हायच्या आतच माझ्या तोंडून निघालं, "वन्स मोअर!"

केवढ्याने ओरडले मी. सगळा हॉल वळून बघायला लागला. मी तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. आमच्यात एकाने वन्स मोअर दिला की बाकीचे मागे राहत नाहीत, तो धर्मच आहे. मागून मृणालिनी ओरडली, "वन्स मोअर!" मग तिचा नवरा, मग अख्ख्या दोन रांगा. मग टोप्यांमधली पोरं हसत हसत टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं, आणखी एक गाणं मागताहेत.

इलाने घड्याळाकडे पाहिलं. आता मला हिशोब कळला. एकाच गाण्याचा वेळ उरला होता आणि त्या गाण्यासाठी डॅना कोटासकट भिंतीला टेकून उभी होती. मी जोरजोरात मान हलवली. नको, नको. इला माझ्याकडे बघत होती. तिने गिटारची एक तार जराशी पिळली आणि माइकमध्ये म्हणाली, "इन माय फॅमिली याचा अर्थ तेच गाणं पुन्हा. आणि याला नाही म्हणता येत नाही."

आणि ती तेच गाणं पुन्हा गायली. पहिल्या वेळी तिने ते लोकांना ऐकवलं होतं. या वेळी ती घरात बसल्यासारखी गायली, सावकाश, कुठे कुठे नुसती बोलत. बुटांच्या ओळीला तिचा आवाज हलला आणि तिने तो सावरला नाही. तीनला थांबली ती थांबलीच. मला समोरून त्या लाल घड्याळाचा उजेड तिच्या कुर्त्यावर दिसत होता. मग तिने मान लववली आणि उतरली. लोक उभे राहिले. तो म्हातारा प्रोफेसर दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता. 'वॉटल्स रोड' राहिलंच.

मागे वळून पाहिलं तर डॅना फोनकडे बघत होती. नंतर बाहेरच्या पॅसेजमध्ये ती इलाला म्हणाली, "दॅट वॉज लव्हली." इकडे अमेरिकेत चाळीस वर्षं काढल्यावर लव्हली कुठलं खरं आणि कुठलं दार लावून घेण्याचं, ते कळतं.

आम्ही व्हॅनमधूनच परत निघालो. बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाने काच पांढरी झाली होती, वायपर खरखरत होते. हायवेला लागल्यावर इला म्हणाली, "आई, मला एक सांग. डिड यू डू दॅट ऑन पर्पज?"

"काय?"

"यू वॉन्ट मी होम. आय नो दॅट. सगळ्यांना माहितीय."

माझं डोकंच फिरलं. "गाडी बाजूला घे."

"हायवे आहे, आई."

"मग तशीच ऐक. हो, मला तू घरी हवी आहेस. त्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. नवस बोलले असते. तुझ्या या डबड्याच्या टायरमधली हवा काढली असती."

"मी भरली असती," मागून गुरुदत्त म्हणाला.

"तू गप्प बस रे. पण वन्स मोअर, इला? खोटा वन्स मोअर आमच्यात देत नाहीत. मेले तरी देणार नाही मी." माझा आवाज फाटला आणि मला रडू आलं, ते मी थांबवलं नाही. "मी इतकी मान हलवत होते. का गायलीस परत?"

तिने काचेवर पाणी मारलं. मग म्हणाली, "कारण इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा मागितलंस."

तिसऱ्या दिवशी फोन आला. दौरा ओरेगनच्या कुणा मुलाला मिळाला. इला म्हणाली, "वेल, दॅट्स दॅट." गराजमध्ये जाऊन तिने व्हॅनमधून गिटारं आणि दोन बॅगा आत आणल्या आणि आपल्या जुन्या खोलीत ठेवल्या. सोमवारी तिला हॉस्पिटलात भेटायला बोलावलं होतं, तिथली सुपरवायझर माझ्या ओळखीची. मी पुरणपोळ्या केल्या. मला हवं होतं ते झालं होतं. स्वयंपाकघरात उभी राहून मी फोन बघितला तर निळा ठिपका आमच्याच घरावर. ती शेजारच्या खोलीत होती तरी मी दिवसातून चारदा तो ठिपका बघत होते.

पण ती खोलीत टिकेल तर शपथ. जिना चढायची, उतरायची. डाळीच्या डब्यांवर बोटं वाजवायची. दाराबाहेरचं बर्फ काढायला गेली आणि बर्फ संपलं तरी फावडं खरडत राहिली. गिटारची पेटी तिने उघडलीच नाही. एकदा ती कुठे दिसेना म्हणून शोधलं, तर गराजमध्ये व्हॅनच्या सीटवर बसली होती, किल्ली न लावता, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून.

"इथे काय करतेस?"

"काही नाही. नुसतीच." आणि माझं तोंड बघून लगेच म्हणाली, "आय ॲम फाइन, आई. सोमवारी जाते ना मी."

गुरुदत्तने व्हॅनला चार्जर लावून ठेवला. "उभी राहिली की बॅटरी उतरते," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, "विकायची आहे ती." तो म्हणाला, "विकतानाही सुरू व्हायला हवी." त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

रविवारी संध्याकाळी तिचा ओहायोत टोलेडोला, गाडीने सव्वा तासावर, एक कार्यक्रम ठरलेला होता, फार आधीपासून. एका कॅफेमध्ये, तीस-चाळीस माणसं. ती येत नाही असं तिने त्यांना अजून कळवलं नव्हतं. सकाळी मी विचारलं, "कळवलंस का?" ती म्हणाली, "कळवते." अकरा वाजता पुन्हा विचारलं, "कळवते ना, आई." जेवताना तिने वरणात चमचा नुसता फिरवला. मी न राहवून म्हटलं, "जायचं असेल तर जा." ती म्हणाली, "नो. मी प्रॉमिस केलंय. आणि तू किती खूश आहेस. मी दहा वर्षांत तुला असं बघितलं नाही. आय कान्ट."

म्हणजे आता ती माझ्यासाठी राहत होती. हॉस्पिटलातली खुर्ची, दहा मिनिटांचा रस्ता, सोमवार, मंगळवार, सगळं मला बरं वाटावं म्हणून. मी अर्धं ताट तसंच सिंकमध्ये नेऊन ठेवलं.

जेवण झाल्यावर मी वर जाऊन आडवी झाले. हे आमच्या घरात कुणी कधी बघितलेलं नाही. मी दुपारची झोपत नाही, तापातसुद्धा नाही. थोड्या वेळाने इला आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"आई, बरं नाही का?"

"बरी आहे."

"मी त्यांना कॉल करते आता. कॅन्सल करते." फोन तिच्या हातात होता.

मी खाली पाहिलं. तिच्या पायात बूट होते. लाल नाड्यांचे, मिठाचे पांढरे डाग पडलेले, घोट्यापर्यंतचे. आमच्या घरात दाराजवळच्या रॅकच्या पुढे बूट येत नाहीत. ती इथे वाढली, तिला हे सांगावं लागत नाही. ते बूट आपण कधी चढवले हे तिचं तिलाही कळलं नसावं.

"कॉल नंतर कर," मी म्हटलं. "मला झोप येत नाहीये. मोज जरा."

"व्हॉट?"

"आकडे. मोज ना गं."

तिने माझ्याकडे बघितलं. मग फोन मांडीवर ठेवला आणि सावकाश मोजायला लागली. "दहा. नऊ. आठ." तिचा ठ अजून अमेरिकनच आहे. "सात. सहा. पाच." खिडकीतून ऊन आत आलं होतं, छपरावरचं पाणी पन्हळीत ठिबकत होतं. "चार." तिचा आवाज जरा खाली आला. "तीन."

मी डोळे मिटले.

नीट केलं सगळं, जसं असतं तसं. जबडा सैल सोडला, श्वास लांब घेतला, पापण्या हलू दिल्या नाहीत. ती "दोन" म्हणाली नाही. तशीच बसून राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आई?" मी उत्तर दिलं नाही. तिला कळलं असणार. हे सोंग तिने माझ्यापेक्षा जास्त वेळा वठवलंय, तिला कळणार नाही तर कुणाला? तिने माझ्या दंडावर हात ठेवला. या हाताचा मला राग आला नाही.

मग पलंग हलका झाला. बूट जिन्यावरून खाली गेले. खालच्या तिच्या खोलीतून गिटारची पेटी उचलल्याचा आवाज आला, गुरुदत्त काहीतरी म्हणाला, ती हसली. गराजचं दार नेहमीसारखं कुरकुरत वर गेलं. व्हॅन पहिल्या किल्लीला सुरू झाली, मागे आली, वॉटल्स रोडला लागली. दार खाली आलं. तरीही मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर पळत खाली गेले असते.